बाराने भागलेलं घर

गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आमच्या भागात कुठल्याही घरात सापडतो. तेल संपलं की वरचं तोंड कापून त्याला झाकण बसवतात, आणि मग त्यात ज्वारी, तूरडाळ, नाहीतर वाळवलेल्या मिरच्या राहतात. आमच्या घरातला डबा बुडाला २३.५ सेंटिमीटर चौकोनी आहे आणि उंचीला ३५. या दोन्ही आकड्यांना बाराने भागा. बूड दोन सेंटिमीटरला जरा कमी, उंची २.९. या मापाचा डबा जाड कागदावर छापला, कापला, दुमडला, चिकटवला की बाहुलीच्या घरात ज्वारी ठेवायची सोय झाली.

साखऱ्यात, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. दिवसभर सातबारा, पीकविम्याच्या पावत्या आणि पोरांची हॉल तिकिटं यातच प्रिंटर गुंतलेला असतो. गिऱ्हाईक ओसरलं की त्याच प्रिंटरमधून माझी फडताळं, पेट्या आणि डबे बाहेर पडतात. कागदं घ्यायला आलेल्या बाया काउंटरवरची बोटभर खुर्ची उचलून विचारतात, "ताई, हे कशाला करायलात?"

सरळ उत्तर महालक्ष्म्या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. त्यांच्यासोबत त्यांची बाळं बसवायची आणि पुढे देखावा मांडायचा, ही मराठवाड्यातल्या घराघरांतली रीत. बाजारातून प्लास्टिकचा बंगला आणि हिरवळ आणली की देखावा होतो. पण महालक्ष्मीला आपलंच घर दाखवायचं असेल तर ते बाजारात मिळत नाही. ते मोजून करावं लागतं.

बाराच कशाला?

बाहुलीघराचं जगभर चालणारं माप एकास बारा आहे: खऱ्या घरातला एक फूट म्हणजे छोट्या घरातला एक इंच. फुटात बारा इंच, म्हणून बारा. आमच्याकडे गवंडी आणि सुतार आजही फूट-इंचातच बोलतात, त्यामुळे हिशोब तोंडी होतो. सहा फुटांचं दार सहा इंचांचं, अडीच फुटांची खिडकी अडीच इंचांची. सेंटिमीटरमध्ये मोजलं तर मोबाइलवर बाराने भागायचं, एवढंच.

याच मापाने लंडनमध्ये राणी मेरीसाठी १९२४ साली एक बाहुलीघर पुरं झालं. ते आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्याचा आराखडा एडविन ल्युटेन्सचा, म्हणजे ज्याने नवी दिल्ली आखली त्याचाच. त्या घरात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, आणि पुस्तकांच्या कपाटात आर्थर कॉनन डॉयलसारख्या लेखकांनी मुद्दाम लिहून दिलेली इवलाली पुस्तकं आहेत. राजवाड्यातला थाट तो. मला जास्त जवळची वाटते ती अमेरिकेतली फ्रान्सिस ग्लेसनर ली. १९४० च्या दशकात तिने याच मापाने खोल्या बनवल्या, त्या पोलिसांना तपास शिकवण्यासाठी. खोलीत मेलेली बाहुली, आणि भोवतीच्या वस्तूंवरून काय घडलं ते ओळखायचं. बाहुलीचे पायमोजे तिने टाचण्यांवर विणले होते. खोलीतली एखादी वस्तू जागेवरून हलली तर तपास चुकेल, म्हणून तिला सगळं तंतोतंत हवं होतं.

आपल्याकडे भातुकली आहे, आणि तिचं वैभव कुणापेक्षा कमी नाही. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीची हजारो भांडी जमवली आणि गावोगाव प्रदर्शनं मांडली. जातं, शेवगा, बंब, पाटा-वरवंटा, असं सगळं त्यात. पण भातुकली पोरीच्या हाताच्या मापाने घडते. तिच्यातलं जातं आणि बंब शेजारी ठेवले तर दोन्ही एका घरातले वाटतीलच असं नाही, आणि तशी गरजही नाही, कारण ती खेळायची आहे. बाहुलीघर पट्टीने घडतं. त्यात तांब्या घागरीत बुडाला पाहिजे आणि घागर मोरीच्या कट्ट्यावर मावली पाहिजे.

छापील कागदाची जुनी ओळख

पितळेची भातुकली घडवायला तांबट लागतो, लाकडाची करायला सुतार. कागदाला कात्री पुरते. फ्रान्समधल्या एपिनाल गावात पेलरँ यांच्या छापखान्यातून एकोणिसाव्या शतकात घरं, किल्ले, गाड्या यांचे छापील कागद स्वस्तात विकले जायचे. घ्या, कापा, उभं करा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये खेळण्यांना धातू मिळेना, तेव्हा पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर छापलेली आगगाडी आणि जहाजं लोक घरी बसून जोडत.

आपल्या पिढीनेही हे काम केलेलं आहे, फक्त त्याला कुणी कला म्हटलं नाही. स्टेशनरीच्या दुकानातून 'वाहतुकीची साधने' किंवा 'फळे' असा तक्ता आणायचा, चित्रं कापायची आणि प्रकल्पाच्या वहीत चिकटवायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने हे केलं आहे. त्या बैलगाडीला मागची बाजू आणि तळ जोडला की झाली कागदी बैलगाडी.

कागदाचा स्वभाव

कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याचा डबा होतो, नळी होते, शंकू होतो. चेंडू होत नाही. म्हणून घागरीचं पोट एका कागदात जमत नाही, त्याच्या पाकळ्या कराव्या लागतात. ३० सेंटिमीटर पोटाची घागर छोट्या मापात अडीच सेंटिमीटरची. तिचा घेर ७.८५ सेंटिमीटर. आठ पाकळ्या केल्या तर प्रत्येक पाकळी मध्यावर जवळपास एक सेंटिमीटर रुंद, आणि वर-खाली निमुळती. मातीच्या मडक्यांची उतरंड मात्र मी कागदाची करत नाही. शाडूची मडकी वळावीत, ती पाच मिनिटांत होतात आणि खरी दिसतात. सगळं कागदाचंच पाहिजे असा हट्ट कशाला?

कागदाला धारही असते, लाकडाला असते तशी. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे धागे एका दिशेत बसतात. धाग्यांच्या दिशेने घडी सुरेख पडते. आडवी घातली तर कड फाटते आणि पांढरं दिसायला लागतं. ओळखायचं सोपं आहे: ताव हातावर घेऊन आधी लांबीत वाकवा, मग रुंदीत. ज्या बाजूने तो मुकाट वाकतो ती घडी धाग्यांना समांतर. नळी गुंडाळतानाही तेच बघायचं.

जाडीलाही बाराचा नियम लागतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुकानातला ८० जीएसएमचा साधा कागद ०.१ मिलिमीटर जाड असतो. बाराने गुणलं की १.२ मिलिमीटर, म्हणजे डब्याच्या पत्र्यापेक्षा बराच जाड. शाळेच्या प्रकल्पाला वापरतात ते २५० जीएसएमचं कार्डशीट ०.३ मिलिमीटरच्या आसपास. बाहुलीच्या जगात ते साडेतीन मिलिमीटरचं, पातळ प्लायवूडसारखं दिसतं. म्हणून डबे, ताटल्या साध्या कागदाच्या आणि फडताळ, पाट, दारं कार्डशीटची. लग्नसराई संपली की उरलेल्या पत्रिका मी कुणाला टाकू देत नाही. त्यांचा कागद दमदार असतो आणि सोनेरी छपाईचे तुकडे पितळी भांड्यांच्या काठाला कामी येतात.

आता प्रिंटर. लेझर प्रिंटरची शाई म्हणजे पावडर, ती उष्णतेने कागदावर चिकटते. घडीवर तिचा पापुद्रा तडकतो. इंकजेटची शाई कागदात मुरते, घडीवर तडकत नाही, पण फेविकॉलचा ओलावा लागला की पसरते. त्यामुळे ज्याला घड्या फार तो नमुना इंकजेटवर, ज्याला डिंक फार तो लेझरवर. काहीही छापलं तरी कापलेली कड पांढरीच राहते. जवळच्या रंगाचा स्केचपेन त्या कडेवरून फिरवला की कागदाची वस्तू डोळ्याला कागदाची वाटेनाशी होते. एवढं एक काम आळस न करता केलं तर निम्मी बाजी जिंकली.

डबा, पहिल्यापासून

डब्याच्या चार भिंती एका पट्टीत येतात: १.९६ सेंटिमीटरचे चार चौकोन शेजारीशेजारी, उंची २.९. शेवटच्या भिंतीला चार मिलिमीटरचा कान ठेवायचा, चिकटवायला. एका भिंतीच्या वर झाकण, खाली बूड, त्यांनाही तीन बाजूंनी कान. रंग भरताना मधोमध उजळ आणि कडांना काळपट राखाडी छटा दिली की पत्रा चमकतो. खऱ्या डब्याचा मोबाइलवर समोरून फोटो काढून तोच बसवला तर पोचेसुद्धा येतात.

कापायच्या आधी घडीच्या रेषांवर पट्टी धरून रिकामी रिफील ओढायची, जरा दाबून. आधी कापलं आणि मग रेषा ओढल्या तर तुकडा हातात फिरतो. आतली भोकं, खाचा आधी कापायच्या, बाहेरची कड शेवटी. फेविकॉल उदबत्तीच्या काडीने, दिसेल न दिसेल इतका. बूड चिकटवून सुकू द्यायचं, झाकण सर्वांत शेवटी, कारण तोवर आतून बोट घालून कड दाबता येते.

पेटीसाठी छापायचीही फारशी गरज नाही. आमच्याकडची काडेपेटी पाच सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद. बाराने गुणली तर दोन फूट लांब. दोन काडेपेट्या एकावर एक चिकटवून त्यांवर हिरवा किंवा निळा छापील पत्रा गुंडाळला की लग्नात आंदण मिळते तशी लोखंडी पेटी तयार.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि कसर लागते. पूर्वी पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद टाकायचे ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे, लेकरांच्या हाताखाली तो नको. फेविकॉल वापरा आणि सुकलेल्या वस्तू डब्यात कापराच्या वडीसोबत ठेवा.

दुसऱ्याच्या घराचे नमुने

फुकट उतरवून घेता येतील असे कागदी नमुने आता पाहिजे तेवढे आहेत. त्यातले बरेच अमेरिकेतले. अमेरिकेचा कागद २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए-फोर २१० बाय २९७. प्रिंट देताना 'फिट टू पेज' राहिलं की नमुना गुपचूप लहान होतो आणि मग झाकण डब्यावर बसत नाही. म्हणून दुकानात कुणी असं काही छापायला आलं की मी आधी 'ॲक्च्युअल साइज', शंभर टक्के करते. माझ्या प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात पाच सेंटिमीटरची रेघ असते. छापून झाल्यावर तिच्यावर पट्टी ठेवायची. पाच भरली तरच कात्री हातात घ्यायची.

माप जुळलं तरी घर जुळेल असं नाही. त्या नमुन्यांत शेकोटी, केकचा स्टँड, फुलाफुलांचा भिंतकागद. त्यांची भिंत म्हणजे एक सपाट पुठ्ठा. आमच्या जुन्या माळवदाच्या घराची मातीची भिंत दोन-दोन फूट जाड, म्हणजे इथे दोन इंच. तिच्या पोटात धान्याचं बळद, तिच्यातच नऊ इंच खोल देवळी. म्हणून आमची भिंत पुठ्ठ्याची सपाट करून चालत नाही, बुटांच्या खोक्याची करावी लागते. जमीन सारवलेली, तिचा फोटो काढून तसाच छापला तर बोटांचे फराटे राक्षसाचे वाटतात. तीन फूट चौकोनाचा फोटो घेऊन तीन इंचांत छापला की हात बाईमाणसाचा दिसतो.

साल ठरवा

या कामात मी एका गोष्टीवर अडून बसते. घर कोणत्या सालातलं आहे ते आधी ठरलं पाहिजे. 'गावाकडचं घर' म्हणून जे देखावे मांडतात त्यांत बैलगाडी असते, जातं असतं, चूल असते आणि काळ कोणताच नसतो. खऱ्या घराला काळ असतो, आणि तो भिंतीवर टांगलेला असतो.

सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या ते १९८७ साल. त्यांच्या घराच्या भिंतीला मी कालनिर्णय लावलं. ते निघायला लागलं १९७३ पासून, त्यामुळे या घरात शोभतं. त्याआधीचं घर असतं तर लावता आलं नसतं. पान मे महिन्याचं, १ तारीख शुक्रवारी. १९८७ चे वार आणि तारखा २०१५ ला आणि २०२६ ला जशाच्या तशा आल्या आहेत, त्यामुळे नवं कॅलेंडर समोर धरून चौकटी आखता येतात. तिथी जुळत नाहीत, पण त्या वाचता येणारच नाहीत. बारा पॉइंटचं अक्षर बाराने भागलं की एक पॉइंट उरतो, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. सहाशे डीपीआयच्या प्रिंटरला तेवढ्यात जेमतेम आठ ठिपके बसतात. आठ ठिपक्यांत शिरोरेषा, वेलांटी, अनुस्वार कुठून मांडणार? म्हणून मोठे तारखेचे आकडे आणि वरचं नाव तेवढं ठेवायचं, बारीक मजकुराच्या जागी करड्या रेघा. डोळा बाकीचं भरून घेतो.

कॅलेंडर लागलं की बाकीच्या वस्तू त्याच्या धाकात येतात. रामायण दूरदर्शनवर सुरू झालं २५ जानेवारी १९८७ ला, म्हणून टीव्ही ठेवावा असं माझ्या मनात होतं. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या घरी कुठं होता? सगळे दुसऱ्याच्या ओसरीत बसून बघायचे." टीव्ही काढला, रॉकेलचा कंदील ठेवला. त्यांच्या लग्नपत्रिकेची मी नखाएवढी प्रत केली तेव्हा पत्त्यात 'जि. परभणी' छापलं, कारण हिंगोली जिल्हा झालाच मुळी १ मे १९९९ ला. पाहुण्यांपैकी ज्याची नजर तिथे गेली तो थांबलाच, आणि मग जिल्हा परभणी असताना कचेरीच्या कामाला किती लांब जावं लागायचं ते बोलणं निघालं.

दुसरं घर आत्ताचं. त्यात लाल गॅस सिलिंडर आहे. खऱ्या सिलिंडरभोवती टेप गुंडाळला तर घेर मीटरभर भरतो, इथे ८.३ सेंटिमीटर, अंग एका पट्टीचं, वरचा घुमट पाकळ्यांचा. फ्रीज, पाण्याचा जार, मोबाइलचा चार्जर, सोयाबीन आणि हळदीची पोती. कुणी म्हणतं यात काय बघायचं. चाळीस वर्षांपूर्वी जात्यालाही कुणी हेच म्हटलं असतं. चूल तेवढी आपली आणि सिलिंडर परका, असं महालक्ष्मीला काय वाटणार आहे? तिच्या नैवेद्याचा सोळा भाज्यांचा स्वयंपाक आता त्याच शेगडीवर होतो.

हक्क आणि हिशोब

फुकट मिळालेला नमुना घरच्या वापरासाठी असतो, तो छापून विकणं बरोबर नाही. कंपनीचं नाव असलेला पुडा आपल्या देखाव्यात ठेवला तर कुणाचं काही जात नाही. त्याचा धंदा करायचा तर परवानगी हवी. देवघराच्या वर लावायला लक्ष्मी-सरस्वती हव्या असतील तर राजा रविवर्म्याची जुनी छापील चित्रं उत्तम. त्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रविवर्मा १९०६ साली वारले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. ही चित्रं त्या काळी बाया घरी आणून त्यांवर जर आणि मणी चिकटवायच्या. छापील कागदावर आपला हात फिरवण्याची आवड काही आजची नाही.

खर्च म्हणाल तर एक कार्डशीट, एक रंगीत प्रिंट, रिकामी रिफील, कटर आणि छोटी फेविकॉलची बाटली. शंभराच्या नोटेत भागतं. सातवीच्या पोरांना अपूर्णांक आणि प्रमाण शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन मला माहीत नाही. दुकानात बसणारी पोरं आता उंबरठ्याची उंचीसुद्धा बाराने भागून सांगतात.

या गणपतीत कुणाला हात लावून बघायचा असेल तर सुरुवात तेलाच्या डब्यापासून करा, मग पेटी, मग कॅलेंडर. त्यापुढची यादी माझ्याकडून घेऊ नका. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला टेपचं दुसरं टोक धरायला लावा आणि साल विचारा. आमच्याकडे तेलाचा डबा मोजताना सासूबाईंनी त्यात १९८७ ला काय होतं तेही सांगितलं, आणि त्या सालचा ज्वारीचा भावसुद्धा.